आईपुढची भाकर

माझं आणि कुत्र्याचं पहिलं भांडण नावावरून झालं. हजेरीपटात शोभेल असं चांगलं भारदस्त नाव मी त्याला ठेवलं होतं. आठवडाभर मी त्या नावानं हाका मारल्या आणि आठवडाभर तो माझ्याकडे पाठ करून माझीच चप्पल खात बसला. यजमानांनी एकदा नुसतं ‘यू यू’ केलं, तर शेपूट हलवत त्यांच्याकडे गेला. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता. शेवटी ते नाव मी परत घेतलं. आजही त्याला नाव नाही, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं नांदूरघाटच्या पुढे आमच्या शेतातच राहायला आलो. मुलगा पुण्यात. हाताला काम हवं म्हणून आठ शेळ्या घेतल्या. पहिल्याच हिवाळ्यात लांडग्यानं एक करडू नेलं. यजमानांना ऐकू कमी येतं आणि माझी झोप कुंभकर्णाची, तेव्हा राखणीला कुत्रं पाहिजे यावर आमचं लग्नानंतर पहिल्यांदाच चटकन एकमत झालं.

चैत्रात आमच्या रानात मेंढ्या बसतात. पिकं निघाली की धनगर कुटुंब येतं, जाळीचं कुंपण घालून कळप रानात बसवतं, आणि लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं. त्या वर्षी त्यांच्या कुत्रीला पिल्लं होती. दीड महिन्याची पिल्लं कोकरांच्या अंगावर पाय टाकून झोपायची. कळपाची मालकीण एक म्हातारी. मी तिला मावशी म्हणायची, ती मला मास्तरीणबाई. मी तिला विचारलं, एक पिल्लू विकत देणार का?

“कुत्रं काय इकत्यात व्हय, बाई?” ती म्हणाली. “जावा, तुमच्या हातची भाकर करून आणा.”

मी भाकर नेली. तिनं ती माझ्या हातून कुत्रीपुढे ठेवायला लावली. कुत्रीनं माझ्याकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग खाल्ली. म्हातारीनं एक काळं-तांबडं पिल्लू उचलून माझ्या पदरात टाकलं.

“आता तिनं दिलं तुमाला. म्या न्हाई. दोन पावसाळं त्याला काई म्हणू नगा. न्हाईच जमलं तर मला परत द्या. पर वाटंवर सोडू नगा.”

मी मान हलवली. वरिष्ठांच्या सूचनांना एकतीस वर्षं हलवली तशीच.

दोन पावसाळे कशाला लागतात, असं माझं मत. माझी पोरं जूनमध्ये भोकाड पसरत यायची आणि दिवाळीला बाराखडी म्हणायची. मी चक्क वेळापत्रक केलं आणि गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलं. पहिला आठवडा, हाकेला येणे. दुसरा आठवडा, सांगितल्यावर बसणे. महिनाअखेर, राखण. यजमानांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं, “अगं, मधली सुट्टी कुठंय?”

महिना संपला. कुत्र्याला एकही धडा आला नव्हता. त्याला येत होतं ते एवढंच, की दोरीवरची साडी ओढायची, कोंबड्यांच्या मागे पळायचं, आणि मी ओरडले की उताणं पडून पोट दाखवायचं. मला राग फार लवकर येतो, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. त्यात शेजारचे शेतकरी बांधावर येऊन सल्ला देऊन गेले.

“बाई, मोकळं कुत्रं बिघडतंय. दिवसभर साखळीला ठिवा, सांजच्याला सोडा. आन भाकरीत मिरचीचा ठेचा कालवा. लई तिखट निघतंय मंग.”

आमच्याकडे हे घरोघर करतात. बांधलेलं, मिरची खाल्लेलं कुत्रं वाघासारखं होतं, असं मीही लहानपणापासून ऐकलेलं. एकतीस वर्षं मुलांना सांगत आले की ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, आणि माझ्याच हातानं मी ठेचा कालवला. त्याला जुलाब लागले. दिवसभर साखळीला हिसके देऊन गळ्यावरचे केस गेले, कातडं सोललं. संध्याकाळी सोडलं की तो वेड्यासारखा गोल गोल पळायचा. मला वाटायचं, चला, तिखट व्हायला लागला.

तो आठ महिन्यांचा असताना एका संध्याकाळी साखळी काढली, आणि तो सरळ करडांत घुसला. खेळत होता की काय करत होता, देव जाणे. मी काठी घेऊन पोचेपर्यंत एका पाठीचा, म्हणजे शेळीच्या मादी पिल्लाचा, अर्धा कान त्याच्या तोंडात होता. शेजारी धावत आले. म्हणाले, “रक्ताची चटक लागली, बाई. आता हे सुधरत न्हाई. कपिलधारला सोडा. भाविक येत्यात, खायाला मिळतंय. पुण्यबी लागंल.”

मी त्या रात्री जेवले नाही. म्हातारीचं बोलणं मला आठवत होतं, पण तिचा कळप कुठे गोदावरीकाठी, गंगथडीला गेलेला. आणि खरं सांगायचं तर परत देताना तिला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती. देवाच्या दारात सोडणं म्हणजे वाटेवर सोडणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. यजमान एवढंच म्हणाले, “मी येणार नाही.”

शेजाऱ्यांची पिकअप भाजी घेऊन बीडला निघालीच होती. त्यांनी मला आणि कुत्र्याला कपिलधारला उतरवलं आणि येताना परत घेतो म्हणाले. पायऱ्यांजवळ नारळाची दुकानं होती. तिथे एक तपकिरी कुत्री बसलेली, गळ्यात झिजलेला पट्टा. एक गाडी आली तशी ती उठली, पळत दारापाशी गेली, उतरणाऱ्या प्रत्येकाचा वास घेतला, सीटच्या आत डोकावली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली. दुसरी गाडी आली. पुन्हा तसंच.

“पट्टा कुणी घातला हिला?” मी नारळवाल्या बाईंना विचारलं.

“मालकानं. चार म्हैने झाले. पांढऱ्या गाडीतून उतरवलं आन गेले. खायाला काय, चिक्कार मिळतंय की. पर गाडी आली का ही उठतीच.”

माझ्या पायाला काहीतरी जड लागलं. बघते तर आमचा कुत्रा माझ्या पायावर बूड टेकून बसला होता. त्याला ती जागा नवी होती, माणसं नवी होती, आणि त्याला तिथे ओळखीचा असा माझा एक पायच होता. ज्या बाईनं त्याला साखळी घातली, मिरची चारली, काठी उगारली, तिचा पाय! मी तिथेच खाली बसले आणि लोकांदेखत रडले. एक यात्रेकरू बाई मला पाणी देऊन गेल्या. त्यांना वाटलं असेल, भक्तीनं रडतेय.

परतताना शेजाऱ्यांनी पिकअपमध्ये कुत्रा पाहिला. “बाई, त्याला सोडाया गेलत्या का दर्शनाला?” मी म्हटलं, “दर्शन झालं.”

घरी आल्याबरोबर म्हातारीच्या मुलाच्या मोबाइलवर फोन लावला. तिला कान चावल्याचं सांगितलं. साखळीचं, मिरचीचं आणि कपिलधारचं सांगायचा धीर झाला नाही.

“तुमी कुटं असता तवा?” तिनं विचारलं.

“घरात. कामात.”

“मंग त्याला शिकवतंय कोण? आमचं पिल्लू आईसंगं कळपात ऱ्हातंय. कोकराला दात लावला का आई दाबती त्याला. तुमी त्याला आईपासून आणलं आन एकलंच ठिवलं. शेळ्यांत घेऊन बसा. पयलीच्या पोराला पुस्तक देऊन तुमी घरी जात होता व्हय?”

पहिलीच्या वर्गातून मी कधी पाणी प्यायलासुद्धा बाहेर जायची नाही.

साखळी काढून विहिरीत टाकायची होती, पण यजमान म्हणाले, पाणी पितो आपण त्यातलं. मग ती खुंटीला लावली. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास शेळ्यांत बसू लागले. कुत्र्याची दोरी माझ्या कमरेला. तो करडाकडे झेपावला की दोरी ओढायची, घशातून ‘अंहं’ करायचं, शांत बसला की पाठीवरून हात फिरवायचा. बस एवढंच. माझे गुडघे दुखायचे. चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी तो सगळं विसरायचा. मग मला राग यायचा, आणि राग आला की मी शेळ्यांना पाढे म्हणून दाखवायची. सतराच्या पाढ्यापर्यंत राग उतरायचा. शेळ्यांना आता बहुतेक पाठ झाले असतील.

त्या दिवाळीला मी पुण्याला गेले नाही. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, मी पहिलीत होतो तेव्हा माझ्यासाठी तू एक दिवस रजा काढली नव्हतीस.” चेष्टाच होती, पण खोटं बोलला नाही तो. मी म्हटलं, “तेव्हा मला शिकवणारं कुणी नव्हतं रे.” मग संक्रांतीला स्वतःच आला आणि एक संध्याकाळ दोरी कमरेला बांधून माझ्या शेजारी शेळ्यांत बसला. बाकी सगळं सोडा, या एका संध्याकाळसाठीसुद्धा मी कुत्र्याचे उपकार मानीन.

दोन पावसाळे गेले. तो शहाणा झाला असं मी म्हणणार नाही. ‘बस’ म्हटलं तर तो आजही बसत नाही. चपला अजून वर ठेवाव्या लागतात. मीटर बघायला येणारा माणूस अजून बांधावरूनच ओरडून आकडा विचारतो. वेळापत्रकातलं एकही काम त्यानं पुरं केलं नाही. ते वेळापत्रक शेळीनं खाल्लं.

पण मागच्या थंडीत एका दुपारी अर्ध्या कानाची शेळी चरून परत आली नाही. तीच, जिचा कान गेला होता. ती आता मोठी होऊन गाभण होती. कुत्राही दिसेना. नको तेच मनात आलं, आणि ते आलं याची मला आजही शरम वाटते. ओढ्याकाठी बाभळीखाली दोघं सापडली. शेळी व्यायली होती. ओलं करडू गवतावर पडलेलं, फांदीवर कावळे, आणि आमचा कुत्रा हातभर अंतरावर बसून वर कावळ्यांकडे बघत गुरगुरत होता. करडाला त्यानं नाकसुद्धा लावलं नव्हतं. मला बघून शेपूट हलली, पण तो जागेवरून उठला नाही. करडू मी पदरात घेतलं, तेव्हाच उठला.

त्यानंतरच्या चैत्रात कळप आमच्या रानात आला. आदल्या वर्षी त्यांची वाट दुसरीकडून होती. मी भाकर करून कुत्रीसाठी घेऊन गेले. कुत्री नव्हती. हायवेवर ट्रकखाली गेली, असं म्हातारी म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली. कळपाजवळ कुत्रंच नव्हतं. आमचा कुत्रा मेंढ्यांत शिरून, सगळ्यांचे वास घेऊन, जन्मल्यापासून तिथलाच असल्यासारखा कोकरांजवळ बसला.

म्हातारीनं त्याला जवळ घेतलं आणि मानेवरून हात फिरवला. साखळीनं केस गेलेल्या आणि पुन्हा न आलेल्या त्या पट्ट्यावर तिचा हात थांबला.

“ह्ये काय?”

मग मी सगळं सांगितलं. साखळी, ठेचा, आणि कपिलधारसुद्धा. सांगताना मी तिच्या पायाकडे बघत होते. माझ्या टेबलासमोर उभी राहणारी पोरं कशी बघायची, ते मला त्या दिवशी कळलं.

मग तिनं माझ्या हातातली भाकर घेतली, अर्धी मोडली आणि ती अर्धी माझ्यापुढे धरली.

भाकर कशासाठी देतात हे मला माहीत होतं. आईपुढे भाकर ठेवायची, तिनं खाल्ली की पिल्लू न्यायचं. तिच्या कळपाला कुत्रं नव्हतं, माझ्या कुत्र्याच्या मानेवर वळ होता, आणि न जमल्यास परत द्यायचा शब्द मी दिला होता. तिनं नेला असता तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हटलं असतं?

“मावशी, मी नाही खाणार,” मी म्हटलं. “ही खाल्ली की तुम्ही त्याला न्याल.”

म्हातारी आधी बघतच राहिली. मग तिला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, का पाणी आधीच होतं, मला सांगता येणार नाही.

“न्याया आले न्हाई गं मी. त्याची आई मेली. भाकर तिची हाय, आन आता आई तूच हायस. खा.”

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाली.

मी तिथेच, मेंढ्यांच्या लेंड्यांत बसले आणि भाकर खाल्ली. माझ्याच हातची होती, मीठ जरा जास्त झालं होतं. शेवटच्या घासाला कुत्रा उठून आला आणि माझ्या पायावर बूड टेकून बसला. तो घास मी त्याला दिला.