झाकणावरचा शेंदूर

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर, गेल्या दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी. पोशीरची माझी आत्या जुन्या जीपमधून वाडीतल्या माणसांची ने-आण करते. गाडी परत देताना गॅरेजवाल्यानं तिला तोंडावर सांगितलं, की गिअरबॉक्सचं तेल बघितलंय. धडधडीत खोटं.

सकाळी घाट चढून देवीला जायचं होतं. नवी लुगडी नेसून म्हाताऱ्या गाडीत बसल्या आणि आत्या शिरली गाडीखाली. लोक बॉनेटला हार घालून मोकळे होतात. ही दर दसऱ्याला पार गिअरबॉक्सलाही शेंदूर लावते. कुंकू पावसात टिकत नाही, म्हणून तेलात कालवलेला शेंदूर. मी मोर्च्यांची पत्रकं वाटणारी मुलगी. देवी मानते, पण यंत्राला शेंदूर कशाला, असं मी बोललेच. खालून उत्तर आलं, "तू पत्रकं वाट गं. मला माझ्या गिअरला भेटू दे."

गिअरबॉक्सच्या कुशीला तेल भरायच्या भोकाचं झाकण असतं, बोल्टासारखं. त्यावर आदल्या वर्षीचा शेंदूर वाळून कडक बसला होता. पाना लागला असता तर फुटला असता; साधा तडाही नव्हता.

"ह्ये कुणी खोललंच नाय," आत्या म्हणाली.

अंगण सपाट, इंजिन गार. तिनं झाकण काढून करंगळी आत घातली. तेल भोकाच्या खालच्या काठाला लागायला हवं. करंगळी कोरडी निघाली. भर घाटात, मागं म्हाताऱ्या बसलेल्या असताना गिअर अडकला असता तर? मी आधी भडकले. मग माझे हात आपोआप जुळले.

सणामुळे दुकानं बंद. तेवढ्यात भिवपुरीहून झेंडू घेऊन एक अनोळखी टेंपोवाला आला. त्याच्या सीटखाली गिअर ऑइलचा डबा होता, आमच्या जीपला चालणारंच. नळीनं भरलं, भोकातून ओघळायला लागल्यावर झाकण आवळलं. देवीला माझाही नमस्कार सांगा, म्हणून तो निघून गेला. घाटभर म्हाताऱ्या गात होत्या, गिअर लोण्यासारखे पडत होते.

योगायोग म्हणायचं तर म्हणा, मी भांडणार नाही. देवीला शरण जायचं तर आधी पाठ मातीला लावावी लागते, एवढं मी आत्याकडून घेतलं. ती मातीला पाठ लावून गेली, म्हणून तिला दिसलं.

आता तुम्ही. तुमची जुनी गाडी गॅरेजमधून आली, की सपाट जागी लावा, गार होऊ द्या, झाकण खोला, बोट घाला. कोरडं निघालं तर तेच बोट गॅरेजवाल्याच्या नाकासमोर धरा आणि तिथून हलू नका.