जाळीतला झेंडू

खोपटच्या डेपोमागचा आमचा मेकॅनिक एसीच्या झडपेसमोर उदबत्ती धरून गाडीची नाडी बघायचा. धूर हलला नाही, की माझ्याकडे बघून 'च्च' करायचा. ते 'च्च' मला नेहमी माझ्या खिशाला उद्देशून वाटायचं.

सेकंडहँड एसी गाडी घेऊन मी घरात आधीच मूर्ख ठरलेलो. त्यात दसऱ्यानंतरच्या उन्हात ब्लोअर नुसता घरघरायला लागला, वारा काही येईना.

"मोटर गेली का रे?" मी धसकून विचारलं.

"मोटर टकाटक आहे, साहेब. हवाच आत येत नाय."

त्यानं पुढच्या काचेखालची जाळी उघडून झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या ओंजळभर बाहेर काढल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"अहो, पण तो हार बांधलेला कोणी?" सोबत आलेली बायको माझ्या कानात कुजबुजली.

यानंच! दर दसऱ्याला हा गिऱ्हाइकांना फुकट हार देतो आणि स्वतःच्या हातानं बरोब्बर त्या जाळीवर बांधतो.

पुढच्या दसऱ्याला ठणकावून नाही म्हणायचं, असं ठरवूनच गेलो. तो हसत पुढे आला. "साहेब, तुमच्यासाठी खास जाड बनवून घेतलाय."

मी विरघळलो. वर "जरा घट्ट बांध रे," म्हणत हाराचं दुसरं टोक मीच धरलं.