कोरा रकाना सहन न होणारे काका

अख्ख्या दिल्लीत कोऱ्या रकान्याला इतका घाबरणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या बरोबर वर हे अमरावतीचे काका राहायचे आणि राज्याराज्यांतल्या कोर्टांकडून दर महिन्याला येणारे तक्ते तपासणं ही त्यांची नोकरी होती. महिन्याच्या सुरुवातीला किती प्रकरणं पडून होती, नवी किती आली, निकाली किती निघाली, दुसऱ्या कोर्टाकडे किती गेली, उरली किती. आपल्याला अशानं झोप येईल; काका मात्र मुरांबा चाखावा तसे ते तक्ते वाचायचे. सांगण्यासारखं काही घडलं नाही म्हणून एखाद्या जिल्ह्यानं रकाना मोकळा सोडला, की तक्ता परत. "अरे, काही नसेल तर 'निरंक' लिहा ना! कोरं ठेवलं तर मी काय समजायचं? काही नाही, की सांगायचं नाही?"

हा नियम घरालाही लागू होता. काकू बाजारातून आल्या की पिशवी खाली ठेवण्याआधी तोंडी अहवाल द्यायच्या : कोथिंबीर मिळाली, आलं मिळालं, लिंबं निरंक. दिल्लीत वाढलेल्या त्यांच्या मुलाला निम्मे मराठी शब्द येत नसत, पण 'निरंक' पक्का. शाळेच्या सहलीहून तो परत आला की दारातच सांगायचा, "जखमा निरंक, हरवलेल्या वस्तू एक. पायमोजा. डावा." गणपतीला ब्लॉकमधली घरं एकत्र जेवायची, त्यासाठी कोण काय आणणार याचा कागद फिरे. एकदा समोरच्या पंजाबी बाईंनी आपल्या नावापुढे नुसती बरोबरची खूण केली. काका तो कागद घेऊन दोन जिने उतरले, पलीकडचे दोन चढले आणि त्यांना म्हणाले, "भाभीजी, राइट का निशान कोई पदार्थ नहीं होता." बाई इतक्या हसल्या, की त्या वर्षी आम्हाला छोल्यांची दोन पातेली मिळाली. भाच्याच्या लग्नाची पत्रिका तर त्यांनी सख्ख्या बहिणीला परत धाडली होती, मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा एवढाच शेरा मारून.

आम्ही सगळेच त्यांना हसायचो. मी जरा जास्तच.

त्याच सुमारास गावाकडे माझ्या ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचे दीर आणि जाऊ एका अपघातात गेले होते आणि त्यांची सहा वर्षांची रेवा ताईकडे आली होती. ताईनं पालकत्वासाठी कोर्टात अर्ज केला. तो एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाला आणि गडपच झाला. पहिलं कोर्ट म्हणे पाठवला, दुसरं म्हणे आलाच नाही. दोन वर्षं तारीख नाही. आपल्याला इथून कुणीही नेऊ शकतं, एवढं रेवाला मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं होतं. पोरीनं दप्तरात दोन फ्रॉक भरून ते उशाशी ठेवायला सुरुवात केली. कुणी न्यायला आलं तर असावेत, म्हणून. ताईनं फोनवर हे सांगितलं आणि मी तशीच उठून वर गेले.

"काका, एक फोन करा ना त्या कोर्टात. तुमचं ऐकतील ते."

"ते व्हायचं नाही," काका म्हणाले. "एका अर्जासाठी मी फोन करणं गैर आहे. बिल्कुल गैर."

मला रडू आवरेना. आणि हे गृहस्थ शांतपणे चष्मा पुसत विचारतात, "कुठल्या महिन्यात वर्ग झाला म्हणालीस?"

मी महिना सांगितला आणि जिना उतरले. पुढचे तीन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. काकूंनी पाठवलेला चिवडासुद्धा तोंड वाकडं करून घेतला. घेतला मात्र.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. "अगं, दिल्लीहून काहीतरी विचारणा आली म्हणे. पाठवलेले अर्ज पोचले कुठे, म्हणून. सगळी कपाटं उपसली त्यांनी. एका कपाटाच्या मागे सात फायली निघाल्या, त्यात आपली! पुढच्या आठवड्यात तारीख आहे."

मी धावतच वर गेले. काका मटार सोलत बसले होते.

"तुझ्या ताईसाठी मी काहीही केलेलं नाही," मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले. "इकडून गेलेले आणि तिकडे पोचलेले, यांचा मेळ कुणी घालतच नव्हतं. मीसुद्धा नाही. तुझ्यामुळे ध्यानात आलं. मग सगळ्याच राज्यांना विचारलं, प्रत्येक जिल्ह्याचं."

"तीन महिने रविवारीसुद्धा ऑफिसात जात होते," काकू आतून म्हणाल्या. "जुने तक्ते काढून बसायचे."

"ते सांगायची काही गरज होती का?" काका मटारांकडे बघत पुटपुटले.

पालकत्वाचा हुकूम झाला. त्या दिवशी रेवानं दप्तरातले फ्रॉक काढले आणि स्वतःच्या हातानं कपाटात लावले. एव्हाना ते तिला आखूडही झाले होते.

आता ती इथेच दिल्लीत शिकते, मुनिरकात खोली घेऊन राहते. काका निवृत्त होऊन नोएडाला मुलाकडे असतात. ऐकू जरा कमी येतं. या हिवाळ्यात मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले. गच्चीवर उन्हात बसले होते. रेवा वाकून पाया पडली आणि त्यांच्या कानाशी जरा मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, कपाटामागे सात फायली मिळाल्या होत्या ना, त्यातली एक माझी."

काकांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"अच्छा," ते म्हणाले. "इतकी वर्षं नुसते आकडे आले गं. त्यातलं कुणी भेटायला आलं नव्हतं."

मग त्यांनी तिला खुर्ची जवळ ओढायला लावली. काय शिकतेस, स्वयंपाक कोण करतं, ताईचे गुडघे कसे आहेत. ती सांगत होती, ते कानामागे हात धरून ऐकत होते आणि मध्येच दोघंही कशाला तरी हसत होते. त्या तीन महिन्यांच्या अबोल्याची माफी मागायची, असं मी घरून ठरवून निघाले होते. ते राहूनच गेलं. त्यांच्या बोलण्यात शिरावंसंच वाटलं नाही.