पंधरा मीटर मागून भंडारा जिल्हा

मागच्या वर्षी मुकुंदच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण सपाट रस्त्यावर. चढ आला की उतरून चालायचं. मी एकोणतीस वर्षं नाशिकच्या शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे सपाट प्रदेश शोधण्याचं काम माझ्याकडे आलं. समोच्च रेषांचा नकाशा पसरून मी पूर्वेकडे सरकत गेले आणि भंडारा जिल्ह्यावर बोट ठेवलं. तलाव, भातशेती, रस्त्यांना फारसा चढ नाही. दिवाळीनंतर हवाही थंड. मुकुंद म्हणाला, "तिथे बघायला काय आहे?" मी म्हटलं, "सपाटी."

मी मुकुंदची बायको. तो एकसष्ट वर्षांचा, मी सत्तावन्नची. ऑपरेशननंतर मी एक नियम केला होता: सायकलवर तो पुढे, मी पंधरा मीटर मागे. पंधरा मीटरवरून त्याची मान दिसते. मानेवर घाम जास्त आला की मी घंटी वाजवते आणि तो थांबतो. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी माझ्या कमरेच्या पिशवीत असते. या व्यवस्थेबद्दल मुकुंदने कधी तक्रार केली नाही. तो फक्त कमी बोलायला लागला होता.

सायकली सुट्या करून दोन खोक्यांत भरल्या आणि आम्ही रात्रीच्या गाडीने निघालो. सकाळी तुमसर रोड स्टेशनवर उतरून मुकुंदने फलाटावरच त्या जोडायला घेतल्या. बघायला सात-आठ जण जमले. जोडून झाल्यावर एक बोल्ट उरला. मुकुंदने तो बराच वेळ हातात धरून पाहिला आणि खिशात टाकला. जमलेल्यांपैकी एक आजोबा म्हणाले, "ठेवा जी, कामी पडते." त्या बोल्टचं काम कुठे होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमसरात शिरण्याआधी एका टपरीवर पोहे खाल्ले. इकडे पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. टपरीवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का?" मुकुंद म्हणाला, रश्शावर आणखी सांबार नको. टपरीवाल्याने कोथिंबिरीची वाटी उचलून बाजूला ठेवली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजलं, आणि तोपर्यंत दोन वेळा आम्ही ती नाकारलेली होती.

दुसऱ्या दिवशी चिखल्याला गेलो. 'भंडारा: तांदूळ, मँगनीज, पितळेची भांडी' हे मी एकोणतीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. मँगनीज मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. चिखल्याची खाण जमिनीखाली आहे. वर दिसते ती कामगारांची वसाहत, ट्रक, आणि रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या पानांवर बसलेली काळपट धूळ. फाटकावर पहारेकरी खुर्चीत बसला होता.

"आत पाहता येईल का?" मी विचारलं.

"नाही जी. अंदर नाही जाता येत."

"मी भूगोल शिकवायचे."

त्याने यावर विचार केला. "तरी नाही जी," तो म्हणाला. मग उठून त्याने आम्हाला माठातलं पाणी दिलं आणि रस्त्याच्या कडेला पडलेला एक काळा दगड बुटाने माझ्याकडे सरकवला. "हा पाहा. अंदर बी असाच राह्यते."

मी दगड उचलला. लिंबाएवढा होता आणि त्या मानाने फारच जड. तळहात काळा झाला. एवढ्या वर्षांत एकाही मुलाला मी सांगितलं नव्हतं की तो जड असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बपेऱ्याकडे निघालो. सिहोरा गाव मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंना भातच भात. इकडे लोक त्याला धान म्हणतात आणि त्याच्या चौकोनी खाचरांना बांध्या. अर्ध्या बांध्या कापून झाल्या होत्या. कापलेल्या धानाचे भारे एकावर एक रचून त्यांच्या गोल गंजी उभ्या होत्या. गावोगावी मंडईची तयारी चालली होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतर भरणारी जत्रा: दिवसा बाजार आणि पाहुणे, संध्याकाळी नाटक. एका गावात मांडवाचे खांब रोवणाऱ्यांनी आम्हाला हाक मारून विचारलं, "कोठी चालले जी?" मुकुंद म्हणाला, "बपेऱ्याला." "तिकडे काय हाय?" मुकुंदने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नदी." ते हसले. "पावसाळ्यात नदी त इकडेच येते जी, थांबा न."

बपेरा दोन-तीन किलोमीटर राहिलं असताना डाव्या हाताला एक मोठा तलाव दिसला. त्याच्या पाळीवरून (मातीच्या बांधावरून) पायवाट होती आणि ती पुढे रस्त्याला मिळते असं एकाने सांगितलं होतं. पाळीवर चढताना मुकुंद नियमाप्रमाणे उतरला, वर गेल्यावर बसला. तलावात शिंगाड्याच्या वेलींचा हिरवा थर होता, त्यावर बगळे चालत होते. खाली पिवळी शेतं होती. मला हे सगळं नंतर दिसलं. त्या वेळी मी मुकुंदची मान बघत होते.

मानेवर घाम होता. जास्त की नेहमीचा, हे ठरवण्यासाठी मी थोडी जवळ गेले. पाळीतून शेतात पाणी सोडायला केलेली चारी मुकुंदने पाहिली आणि उजवीकडून वळसा घेतला. मी पाहिली नाही. पुढचं चाक चारीत गेलं आणि मी उतारावरून खाली बांधीत जाऊन पडले. सायकल माझ्यानंतर आली.

डावा घोटा डोळ्यांदेखत सुजला. पाय टेकवेना. मुकुंद खाली उतरून आला. राज्याची हद्द जवळ असल्याने माझ्या फोनवर मध्य प्रदेशात स्वागत असल्याचा संदेश आला होता, पण कुठेच फोन लागत नव्हता. शेजारच्या बांधीत एक बाई एकटीच धान कापत होती. ती विळा घेऊन आली, पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हालवू नोका बाई. गाडी आणा लागंल."

"गाडी कुठे मिळेल?" मुकुंदने विचारलं.

"सिहोऱ्याले भेटंल. गावातले सारे ट्रॅक्टर धानावर गेले."

सिहोरा सात-आठ किलोमीटर मागे होतं आणि वारा तिकडूनच येत होता. मी म्हटलं, "तू चालत गावात जा, कुणाला तरी पाठव." मुकुंद म्हणाला, "मीच सिहोऱ्याला जातो." मी म्हटलं, "सावकाश जा." त्याने सायकल पाळीवर चढवली, बसला आणि पेडलवर उभा राहून निघाला. ऑपरेशननंतर त्याला असं सायकल चालवताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तो झाडांच्या पलीकडे गेला. मग मी पिशवी सरळ करायला कमरेला हात लावला, आणि आतली गोळ्यांची डबी बोटांना लागली.

मी ओरडले. त्याचं नाव बहुतेक चारदा घेतलं. बगळे उडाले, दुसरं काही झालं नाही.

बाईचं नाव शेवंताबाई. वय माझ्याएवढंच असावं. तिने स्वतःचा दुपट्टा तलावात भिजवून माझ्या घोट्याला घट्ट गुंडाळला आणि मला गंजीच्या सावलीत बसवलं. मी डबी हातात धरून होते. तिने विचारलं, "तुमच्या दवाई हायेत का?"

"त्यांच्या आहेत. हृदयाच्या."

"मंग तुमच्यापाशी कायले?"

मी तिला नियम सांगितला. पंधरा मीटर, मान, घाम, घंटी. कापायचं थांबवून तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे थे पडले त तुम्ही मांगून येऊन गोळी द्यान," ती म्हणाली.

"हो."

"आन तुम्ही पडले त?"

 उत्तराची वाट न पाहता ती पुन्हा वाकली आणि कापत कापत बोलू लागली. "माहे मालक साप धरते. गावात कोणाच्या घरी निघाला का त्याइलेच बलावते. सुरवातीले मी जाऊन राह्यली होती मांगं मांगं. दारात उभी राहो. थे हात घाले बिळात, आन माहा जीव जाये."

"मग?"

"मंग इकडे धान कापाचा राहून जाये."

थोड्या वेळाने तिने तणसाचा (भाताच्या काडाचा) एक गठ्ठा माझ्यापुढे टाकला. पेंढ्या बांधायला त्याच्या दोऱ्या वळाव्या लागतात. तिने दोनदा वळून दाखवलं. माझ्या पहिल्या चार दोऱ्या तिने ओढून पाहिल्या, तुटल्या. पाचवी टिकली. डबी बाजूला ठेवल्याशिवाय दोरी वळता येत नाही. मी ती मांडीवर ठेवली आणि वळत राहिले. मनात हिशेब चालू होता: आता तो अमुक गावाशी असेल, आता मांडवाशी, आता कुठेतरी रस्त्याच्या कडेला. प्रत्येक वेळी तो मला पडलेलाच दिसत होता. मी रडले, पण हात थांबवले नाहीत. शेवंताबाईने पाहिलं आणि दुपारचा डबा उघडून तांदळाची भाकर आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे ठेवली. मी नको म्हटलं. "खा न," ती म्हणाली, "उपाशी राह्यल्यानं थे जल्दी येत नाही."

मी खाल्लं. भाजी तिखट होती.

दीड तास झाला असेल. आधी इंजिनाचा आवाज आला आणि मग पाळीवर मुकुंद दिसला, सायकलवर. त्याच्या मागे पंधरा-वीस मीटरवर, पाळीखालच्या गाडीवाटेने, एक टेम्पो रांगत होता. टेम्पोत मंडईच्या मांडवासाठी चाललेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. मी एका पायावर उभी राहिले. शेवंताबाईने दंड धरला नसता तर पुन्हा पडले असते.

चालक खाली उतरून म्हणाला, "बाई, मी म्हणलं त्याइले, गाडीत बसा. म्हणते, तुमाले रस्ता नाही सापडनार. मले रस्ता मालूम हाय. माहा गाव हाय इथं."

मुकुंदचा चेहरा लाल होता आणि शर्ट ओला. मी त्याच्यापुढे गोळी धरली.

"कशाला?" तो म्हणाला.

"दुखतंय का?"

"हो."

मी गोळी आणखी पुढे केली. "कुठे?"

"गुडघ्यात."

मी त्याला बरंच काही बोलले. चालकाने खुर्च्या सरकवून मला जागा केली. शेवंताबाईने मी वळलेल्या दोऱ्या न मोजता गोळा केल्या आणि दुपट्टा परत घेतला नाही. "जा आता," ती म्हणाली, "मालकाले सामोर बसवा."

सिहोऱ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घोटा तपासला. हाड शाबूत होतं, मुरगळला होता, आठवडाभर टेकवायचा नाही. मी म्हटलं, आधी यांचं बघा, हे पंधरा किलोमीटर सायकल चालवून आलेत. त्यांनी मुकुंदचा रक्तदाब घेतला. ठीक होता. मग माझा घेतला, थांबले, पुन्हा घेतला.

"तुम्हाले केव्हापासून हाय हा बीपीचा त्रास?"

"मला कसलाच त्रास नाही."

"हाय," डॉक्टर म्हणाले आणि गोळी लिहून दिली.  औषधाच्या दुकानातून ती मुकुंदनेच आणली आणि डबीवर वेळ लिहिली.

परतीच्या गाडीला दोन दिवस होते. मी तुमसरच्या लॉजच्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंद बूट घालून दाराशी उभा राहिला. "चांदपूरला जाऊन येऊ?" त्याने विचारलं. चांदपूरला जलाशय आहे आणि टेकडीवर मारुतीचं देऊळ. टेकडी म्हणजे चढ. नकाशात मी ते गाव मुद्दाम वगळलं होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

 तो तसाच उभा होता. परवानगी मागणारा एकसष्ट वर्षांचा माणूस मला दाराच्या चौकटीत नीट दिसला, आणि त्याला तसं उभं कोणी केलं तेही दिसलं. मी त्याला पलंगाजवळ बोलावलं आणि त्याच्या गोळ्यांची डबी त्याच्या शर्टाच्या खिशात घातली. "दुपारपर्यंत ये," असं म्हणणार होते. "कसं आहे ते सांग," असं म्हटलं.

तो चार वाजता आला. नाकाची कातडी उन्हाने सोललेली. पलंगाच्या कडेला बसून त्याने सगळं सांगितलं. पायऱ्या किती वाकड्यातिकड्या, वानर किती उद्धट, वरून पाणी कुठपर्यंत पसरलेलं दिसतं. पलीकडे सातपुड्याच्या निळ्या रांगा एकामागे एक उभ्या, आणि अलीकडे सगळी कापणीची शेतं. "सपाटी वरूनच चांगली दिसते," तो म्हणाला. गेल्या वर्षभरात तो सलग एवढं बोलला नव्हता. मी दिशा विचारत गेले आणि तो हातवारे करून दाखवत गेला. चांदपूर मी पाहिलेलं नाही, पण तिथला नकाशा मी आता काढू शकते.

नाशिकला येऊन महिना झाला. मुकुंद रोज सकाळी सहाला सायकल घेऊन एकटा जातो, साडेसातला येतो. कुठल्या रस्त्याने गेला हे मी विचारत नाही. तो आपणहून सांगतो, चढांसकट. तो गेल्यावर मी माझी गोळी घेते आणि पेपर उघडते. पहिल्या आठवड्यात एकच बातमी मी साडेसात वाजेपर्यंत वाचत होते. आता तिसऱ्या पानापर्यंत जाते.