अ‍ॅप ‘नोंद झाली’ म्हणतं तेव्हा

“साहेब, तुमचं अ‍ॅप खोटं बोलतं.”

बोईसरच्या डायलिसिस सेंटरमधून सुनंदाताईंचा फोन होता. त्या तिथे काउंटर सांभाळतात. त्यांच्यासमोर जवळच्या दांडी गावचे एक आजोबा बसले होते. त्यांच्या मोबाइलवर ‘तुमची वेळ नोंदली आहे’ असं दिसत होतं. सेंटरच्या यादीत मात्र त्यांचं नाव नव्हतं, आणि सगळ्या मशीन भरलेल्या.

ते वेब अ‍ॅप्लिकेशन मी लिहिलेलं. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशीनने करणं. ठरलेला एक दिवस चुकला तरी अंगात पाणी साठतं. आजोबांना धाप लागलीच होती. ताईंनी दुसऱ्या एका पेशंटला विनवून त्यांना जागा करून दिली.

“आजचं निभावलं,” त्या म्हणाल्या. “उद्याचं काय?”

आमच्या पालघरच्या ऑफिसात माझ्या वरिष्ठ सरांनी विचारलं, “सर्व्हर बंद होता का?”

“नाही.”

“मग त्यांची रेंज गेली असेल.”

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. लॉग, म्हणजे सर्व्हरवर होणाऱ्या नोंदी, तपासल्या. कुठेच काही नाही. दुपारी बोईसर गाठलं.

सुनंदाताई नवापूरच्या, पन्नाशीच्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि एक वही पुढे सरकवली. “पयल्यांदा नाय झालं हे. आमी सांगितलं की तुमी म्हणता रेंज नाय. म्हणून लिवून ठेवलं.”

पेशंट, गाव, बुकिंगची वेळ. बेटेगावचंही एक नाव होतं. तिथे रेंज उत्तम. आणि सगळ्या वेळा सकाळी सहा ते साडेसहाच्या.

सहा वाजता आमचा सर्व्हर आदल्या दिवसाचे रिपोर्ट बनवायचा. त्या गडबडीत बुकिंगच्या एपीआयला उत्तर द्यायला उशीर व्हायचा. एपीआय म्हणजे अ‍ॅपने सर्व्हरला काम सांगायची ठरलेली वाट. उत्तर आलं नाही तर अ‍ॅपने ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणायला हवं. मी तिथे उत्तर न आल्याचा एरर नुसता गिळून टाकला होता आणि पुढची ‘नोंदली आहे’ची पाटी तशीच ठेवली होती. घाईत लिहिलेला कोड. माझाच.

ताईंना तसं सांगितलं. “चूक माझी होती.”

“सापडली ना? मंग झालं,” त्या म्हणाल्या. “चा घ्या.”

दुसऱ्या दिवशी पाटी दुरुस्त केली, रिपोर्ट दुपारी ढकलले. मग मॉनिटरिंग बसवलं: प्रत्येक एपीआय किती वेळात उत्तर देतो, किती वेळा देत नाही. सोबत एरर रिपोर्टिंग: काही फसलं की माझ्या फोनवर मेसेज. त्यात पेशंटचं नाव नाही, फक्त सेंटरने दिलेला पेशंट नंबर. पहिल्या दिवशी इतके मेसेज आले की सर म्हणाले, “हे बसवण्याआधी बरं चाललं होतं.”

“चाललं नव्हतं, सर. आपल्याला कळत नव्हतं.”

त्यांनी माझ्या फोनवरचे मेसेज वाचले. मग म्हणाले, “पुढच्या प्रोजेक्टमध्ये हे पहिल्या दिवसापासून घाल.”

दोनेक आठवड्यांनी सकाळीच एक मेसेज आला. मी ताईंना नंबर कळवला. त्यांनी नंबरावरून यादीत नाव शोधलं, पेशंटला फोन लावला आणि हातानेच वेळ नोंदवली. ती बाई वेळेवर आली, वेळेवर गेली. ‘पुन्हा प्रयत्न करा’ची पाटी बघून तिला पुन्हा खटपट करावी लागली नाही.

सुनंदाताईंचे उपकार मी विसरलेलो नाही. शिकलो ते एवढंच: तक्रार येत नाही याचा अर्थ सगळं नीट चाललंय असा नसतो. पुष्कळदा लोक सांगून दमलेले असतात.