शेकेल, चिंच आणि लाखेचे शिक्के

केनवडच्या दादासाहेब देशमुखांच्या बैठकीत मी भिंग घेऊन बसलो होतो आणि त्यांच्या पत्नी, माई, दाराशी डोळे पुसत उभ्या होत्या. लक्ष्मीपूजनासाठी घरातली चांदी घासताना त्यांनी नवऱ्याची प्राचीन ज्यू नाणीही चिंच लावून लखलखीत केली होती.

जुनं नाणं घासायचं नसतं. त्यावरचा काळसर थर हाच त्याच्या वयाचा दाखला. मी तेव्हा एका सरकारी संग्रहालयात नाणी तपासत असे. मला पाठवताना आमचे साहेब एवढंच म्हणाले होते, "सर्टिफिकेटं आहेत म्हणे. मान डोलावून या."

मान डोलवावी अशीच मांडणी होती. भिंतीवर तीन सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली. रेशमी फीत, परदेशी व्यापाऱ्याची ऐसपैस सही, लाखेचे शिक्के. नाणी त्या शिक्क्यांहून लहान.

"परवा शाळेत नाण्यायचं कपाट उघडायचं हाय. मंत्री येऊन राह्यले," दादासाहेब म्हणाले. "मी गावभर सांगून बसलो. आता तुमीच सांगा, हे ठेवू का नको?"

मी कडा पाहिल्या. तिन्ही शेकेलांना, म्हणजे ज्यूंच्या चांदीच्या नाण्यांना, कडेभोवती बारीक रेघ होती. असलं नाणं दोन ठशांमध्ये धरून हातोड्यानं पाडत. त्याला अशी रेघ नसते. ती उमटते साच्यात ओतलेल्या नाण्याला, साच्याचे दोन भाग जुळतात तिथं. व्यापाऱ्यानं ती काळ्या रंगानं झाकली होती. चिंचेनं रंग गेला.

"तिन्ही खोटी आहेत."

दादासाहेब फ्रेमांकडे पाहत राहिले. "अन् सर्टिफिकेट?"

"ती अस्सल असतील. सही त्याचीच असणार."

माईंनी घाबरत एक डबी पुढे केली. "हे बी घासलं जी मी. याच्यावर त कोनाचं नाक निघालं!"

हे चौथं नाणं दादासाहेबांना कॉलेजातल्या ज्यू मित्रानं दिलेलं. छंद लागला तो यावरून. पण सर्टिफिकेट नाही, म्हणून ते डबीतच राहिलं. द्राक्षांच्या घोसाखाली पुसट नाक आणि हनुवटी दिसत होती. मी खुर्चीतून उठलोच. रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या ज्यूंनी सम्राटाचीच नाणी घेऊन त्यांवर आपले ठसे मारले होते. एखाद्या नाण्यावर ठशाखाली सम्राट थोडा उरतो.

"हे खरं आहे. नाक सम्राटाचं आहे."

"म्हंजे मी खराब नाही केलं?"

"रडू नको आता," दादासाहेब म्हणाले. "तुह्या चिंचेनं लाज राखली माही."

मी सुचवलं, कपाटात हे एकच ठेवा; बाकीच्यांबद्दल बोलायची गरज नाही.

"काहून? खोटं कसं असते, हे पोरायले कोन दाखवन?"

समारंभात मंत्री प्राचीन संस्कृतीवर भरपूर बोलले. मग दादासाहेब उठले आणि आपण कसे फसलो ते थोडक्यात सांगून बसले. कपाटात चारही नाणी होती. तीन नाण्यांखाली दादासाहेबांच्याच हातची ठळक चिठ्ठी: खोटे. मी संग्राहक पुष्कळ पाहिले. आपली फसगत काचेत मांडणारा हा एकच.

सर्टिफिकेटं काढून माईंनी फ्रेमा ठेवून घेतल्या. काच चांगली होती.

जुनी नाणी घासू नका, असं मी लोकांना आजही सांगतो. फक्त पूर्वीइतकं ठासून सांगत नाही.