डावीकडे जमा

कोल्हारला मनमाड रस्त्याला लागून आमचं किराणा दुकान आहे. दिवसभर समोरून गाड्या जातात, शिर्डीच्या नाहीतर शिंगणापूरच्या. एखादी थांबते, पाण्याची बाटली घेते आणि पुढं निघते. लहानपणापासून मला त्या गाड्यांचा हेवा वाटत आलाय. त्या कुठंतरी चाललेल्या असायच्या आणि मी पोत्यावर बसलेली असायचे.

बारावीनंतर मला भूगोल शिकायचा होता, पुण्याला. भिंतीवर नकाशा दिसला की मी जेवायचं विसरायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, “भूगोल शिकून काय करायचं? घर सापडत न्हाई का तुला?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत साखर जोखत राहिले. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी आईनं मध्ये पडून तह केला. श्रीरामपूरच्या कॉलेजात कॉमर्सला जायचं, रोज येऊन-जाऊन. पहिल्या वर्षी एकही विषय न राहता पास झाले तर पुणे, तेही भूगोलाला. एक जरी विषय राहिला तर दुकानाच्या गादीवर बसायचं आणि पुण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही.

मी एका पायावर तयार झाले. कारण बाकीचे विषय पाठ करून निघाले असते, आणि अकाउंट्स तर माझ्या डाव्या हातचा मळ. शुगरनं अण्णांचे डोळे अधू झाल्यापासून, म्हणजे माझ्या दहावीपासून, दुकानाची वही मीच लिहीत होते.

आमची वही लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्यानं शिवलेली. पानाच्या डोक्यावर श्री. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गिऱ्हाइकानं पैसे दिले की त्याच्या पानावर डावीकडे, माल नेला की उजवीकडे. अण्णा सांगायचे, मी लिहायचे. ते दोनदा सांगत नसत. खाडाखोड चालत नसे. खोडलेलं पान म्हणजे त्यांच्या लेखी खोटं पान. महिनाअखेरीला तेरीज काढायची. सगळ्या पानांवरची जमा एका बाजूला मांडायची, नावे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. आल्या की पेन खाली ठेवायचं, वही कपाळाला लावायची आणि मिटायची. जुळलेल्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. पुढं गल्ल्याशेजारी क्यूआर कोड लागला, जीएसटीचं काम कर सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर गेलं, तरी वही जागची हलली नाही. “लाइट गेली म्हनून वही जाती का?” असं अण्णा विचारतात.

कॉलेजात अकाउंट्सच्या पहिल्याच तासाला सरांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. “डेबिट डावीकडे. दोन्ही ‘ड’ एका घरात. क्रेडिट उजवीकडे. एवढं लक्षात ठेवलं तर वर्ष निघेल.” मग एक उदाहरण घातलं. माझं सगळ्यांच्या आधी झालं. सर बाकाशी आले, वही उचलली आणि बराच वेळ बघत राहिले. वर श्री होतं. खाली सगळं जमा डावीकडे होतं.

“तुमचं दुकान आहे का?” त्यांनी विचारलं.

“हो, सर.”

“तरीच. ही आपली जुनी पद्धत. चूक नाही ती. पण पेपर तपासणाऱ्याला तुझं दुकान माहीत नसणार. इथं जमा उजवीकडे.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यामुळं मला जास्तच लागलं. मी श्री खोडलं आणि खोडताना अंगावर काटा आला.

आता वाटेल, यात काय एवढं? डावं ते उजवं करायचं. पण मला ते वर्षभर जमलं नाही. आमचे बाक जमिनीत रोवलेले, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडात. माझी जागा भिंतीकडेची. शेजारी श्रीरामपूरचीच एक मुलगी बसायची, ती उठल्याशिवाय मला बाहेर पडता येत नसे. तिथं दुपारपर्यंत मी हाताला बजावायचे, जमा उजवीकडे, जमा उजवीकडे. मग एसटी पकडायची, उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडत कोल्हारला यायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि गादीवर बसायचं. अण्णा म्हणायचे, “लिही.” आणि मी जमा डावीकडे लिहायचे. दिवसा जे विसरायचं तेच संध्याकाळी घोटलं जायचं. मला दोन्हीकडून आवळल्यासारखं व्हायचं. श्रीरामपूरला मी अडाणी आणि कोल्हारला हुशार, आणि या दोघींना एकाच एसटीनं रोज ये-जा करायची.

एकदा धीर करून विचारलं, “अण्णा, एवढं वर्ष वही दुसऱ्या कुणी लिहिली तर?”

“दुसरं कोन?” अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. आईला दुकानातलं सगळं कळतं, पण ती जेमतेम सही करते. अण्णांना स्वतःची सहीसुद्धा भिंगाशिवाय दिसत नाही. मी पेन उचललं.

मग मी डाव्या मनगटावर बॉलपेननं ‘डे’ लिहायला लागले. आईनं ते पाहिलं आणि तीन दिवस माझ्यावर पाळत ठेवली. डे म्हणजे डेबिट, हे तिला पटवायला मला पुस्तकातलं तेच अक्षर बोट ठेवून दाखवावं लागलं. शेजारच्या मुलीनं मात्र मन लावून मदत केली. माझं पेन चुकीच्या बाजूला वळलं की ती कोपरानं ढोसायची. परीक्षेआधीच्या महिन्यात दहापैकी सात-आठ उदाहरणं सुलट यायला लागली. मी गुपचूप पुण्याच्या वसतिगृहांची माहिती काढून ठेवली.

परीक्षेत ढोसायला शेजारी कोणी नव्हतं. थिअरी लिहिली, छोटे प्रश्न लिहिले. शेवटी मोठं उदाहरण होतं, एका व्यापाऱ्याची महिन्याची खाती आणि तेरीज. व्यापारी किराण्याचाच होता. साखर, तेल, गूळ. मी वाचायला लागले आणि मला अण्णांचा आवाज यायला लागला. लिही. मी भराभर लिहीत गेले. एकही आकडा अडला नाही. शेवटी दोन्ही बेरजा मारल्या आणि रुपयाला रुपया जुळला. आजूबाजूची मुलं कॅल्क्युलेटर बडवत होती, डोक्याला हात लावून बसली होती. माझी तेरीज जुळली होती. मी पेन खाली ठेवलं. उत्तरपत्रिका कपाळाला लावली आणि मिटली. अजून अर्धा तास बाकी होता, आणि तो अर्धा तास मी खिडकीबाहेर बघत पुण्यात घालवला.

बाहेर आल्यावर शेजारची मुलगी धावत आली. “जुळली?”

“जुळली.”

“माझी नाही जुळली गं. कॅशची बाकी कुठल्या बाजूला घेतलीस?”

“उजवीकडे,” मी म्हणाले.

तिनं नुसता माझा डावा हात धरला. त्यावर ‘डे’ लिहिलेलं होतं, घामानं थोडं पुसट झालेलं. कॅशची बाकी डेबिट, म्हणजे डावीकडे; मी अख्खं उदाहरण दुकानाच्या वहीसारखं उतरवलं होतं आणि मनगट समोर असून तिकडं एकदाही पाहिलं नव्हतं. जुळलेलं पान कोण तपासतं?

निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, अकाउंट्स राहिला. मी निकाल घरी सांगितला तेव्हा अण्णा गिऱ्हाइकाला तेल देत होते. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, “तेरीज जुळली म्हनली हुतीस ना? मग नापास कसं करतील? कागद मागव.” उत्तरपत्रिकेची झेरॉक्स फी भरून मागवता येते. ती मागवली. खरं सांगते, मला वेडी आशा होती. अण्णांना त्यात चूक सापडणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. चूक नाही म्हणजे पास, आणि पास म्हणजे पुणे. वहीच्या बाबतीत अण्णा शब्दाचे पक्के आहेत.

त्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. भिंग घेतलं आणि परीक्षकाच्या लाल फुल्यांखालून एकेक ओळ बोट ठेवत वाचली. साखर खातं. तेल खातं. मधूनच ‘व्हय’ म्हणायचे. तेरजेवर आले, दोन्ही बेरजा मनाशी पुन्हा केल्या आणि भिंग ठेवून माझ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

“एक चूक न्हाई,” ते म्हणाले. “एक खाडाखोड न्हाई. मला बी असं कधी जमलं न्हाई. तपासनाऱ्याला काय कळतं?”

“मग मी पास ना, अण्णा?”

“पास म्हंजे? लई पास.”

“मग पुण्याला...”

“पुण्याला आता कशाला?” त्यांनी खरंच नवल करून विचारलं. “तुला येतंय की सगळं.”

आणि त्यांनी करदोट्याला बांधलेली गल्ल्याची किल्ली सोडली. ती मी कधी त्यांच्या कमरेवेगळी पाहिली नव्हती. सख्ख्या भावानं मागितली तेव्हा दिली नव्हती, आईला कधी दिली नव्हती. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं वरून मिटवली. आई आतून बघत होती, तिनं पदर तोंडाला लावला. मला रडू आलं. अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाचाच इतका राग आला की किल्ली रस्त्यावर भिरकावून द्यावीशी वाटली. समोरून एक गाडी गेली, पुण्याच्या नंबरची.

अण्णांनी शटर वर केलं. “चल, आजची लिहून टाकू,” ते म्हणाले. मी किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि गादीवर बसले. वर श्री काढलं. पहिलं जमा डावीकडे लिहिलं, आणि हात जरासुद्धा अडखळला नाही.